सरकारी कंपनी विमान घेते तेव्हा फाईल कुठं कुठं फिरते

प्रश्न लातूरहून आलाय. राज्यसेवेची तयारी करणारी मुलगी आहे. ती लिहिते: "काका, एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सनं मिळून २००५-०६ मध्ये १११ विमानं घेतली, तेव्हा संचालक मंडळ, मंत्रालय, नियोजन आयोग, मंत्रिमंडळ, सगळ्यांनी फाईल पाहिली होती. मग कॅगनं नंतर एवढे ताशेरे का ओढले? देखरेख होती की नव्हती? आणि आता कंपनी टाटांकडं गेल्यावर हा विषय वाचायचा तरी कशाला?"

कॅग म्हणजे देशाचे महालेखापरीक्षक, सरकारी हिशेब तपासणारे. आधी माझी बाजू स्पष्ट करतो. माझी नोकरी लेखापरीक्षणात गेली, त्यातली बरीच वर्षं सार्वजनिक उपक्रमांच्या खरेदीच्या फायली वाचण्यात. एअर इंडियाच्या पथकात मी नव्हतो. त्या व्यवहाराबद्दल खाली जे आकडे येतील ते संसदेत मांडलेल्या, कुणालाही वाचता येणाऱ्या कागदांतले. फाईल कशी चालते, कुठं अडते आणि कुठं विनाकारण पळते, हे मात्र स्वतः पाहिलेलं आहे.

देखरेख होती, आणि पुष्कळ होती. पण प्रत्येक टेबल एवढंच बघत होतं की आधीच्या टेबलानं सही केलीय का. आधीच्यानं काय धरून सही केली, हे कुणी उलगडून पाहिलं नाही. सगळी मेख इथंच आहे.

फाईलचा प्रवास असा असायचा. कंपनीचा नियोजन विभाग मार्गनिहाय हिशेब मांडणार: कुठल्या शहरातून कुठं, आठवड्याला किती फेऱ्या, किती टक्के सीटा भरतील, एका प्रवाशामागं किती पैसे हाती येतील, इंधन किती लागेल. त्यावरून किती विमानं आणि कुठली, ते ठरणार. मग तांत्रिक समिती बोइंग आणि एअरबस समोरासमोर ठेवणार. संचालक मंडळाचा ठराव. तिथून नागरी विमान वाहतूक मंत्रालय. पुढं खर्च सचिवांच्या अध्यक्षतेखालचं सार्वजनिक गुंतवणूक मंडळ, ज्याला दिल्लीत सगळे 'पीआयबी' म्हणतात (बातम्या देणारी पीआयबी ती वेगळी, परीक्षेत गोंधळू नकोस). सोबत नियोजन आयोगाचा अभिप्राय. शेवटी मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती. आणि किंमत घासाघीस करायला आणखी वेगळी समिती. १११ विमानांच्या वेळी तर मंत्रिगटही होता.

वाचताना भक्कम वाटतं ना? आता यातली एक गंमत सांगतो, ती पाठ्यपुस्तकात सापडत नाही. सरकारी कंपनीच्या संचालक मंडळावर मंत्रालयाचे सहसचिव आणि आर्थिक सल्लागार सरकारनियुक्त संचालक म्हणून बसतात. म्हणजे मुंबईत मंडळाच्या बैठकीत ज्यानं ठरावाला हात वर केला, त्याच साहेबांच्या टेबलावर आठ दिवसांनी दिल्लीत तोच प्रस्ताव 'तपासणीसाठी' येतो. तो स्वतःच्याच निर्णयावर काय आक्षेप काढणार? तो टिप्पणीत लिहितो, 'संचालक मंडळाने सर्व बाबींचा साकल्याने विचार केलेला आहे.' खोटं नाही ते. विचार करणाऱ्यांत तो स्वतःच होता.

आता १११ चा हिशेब. एअर इंडियाचा जानेवारी २००४ मधला प्रस्ताव २८ विमानांचा होता. ऑगस्ट २००४ मध्ये मंत्रालयात बैठक झाली, गरज पुन्हा तपासा असं ठरलं, आणि वर्ष संपेपर्यंत २८ ची ६८ झाली. ५० मोठी, लांब पल्ल्याची. १८ छोटी, एअर इंडिया एक्सप्रेससाठी. बोइंगबरोबर करार ३० डिसेंबर २००५ ला झाला. इंडियन एअरलाइन्सची ४३ एअरबस वेगळी, त्यांचा करार २००६ च्या सुरुवातीला.

२८ चे ६८ होणं हाच गुन्हा, असं मी म्हणणार नाही. तेव्हा बाजार खरंच वाढत होता. पण मागणीचा आकडा काही महिन्यांत अडीचपट होतो, तेव्हा खालचं गृहीतक कुठलं बदललं, हे मी पहिल्यांदा बघतो. इतकी वर्षं मी तेच केलं.

एका सार्वजनिक उपक्रमात (नाव कशाला घ्यायचं) यंत्रसामग्रीच्या खरेदीची फाईल माझ्याकडं आली होती. हिरव्या नोटशीटा, फ्लॅग ए पासून फ्लॅग के पर्यंत, सगळ्या सह्या जागच्या जागी. मागणी वर्षाला ९ टक्क्यांनी वाढेल असं धरून परतावा बारा टक्क्यांच्या थोडा वर काढला होता. बाराच्या खाली परतावा दिसला तर तिथं फाईल पुढं सरकत नसे, हे शिपायालाही माहीत. मी सहज आधीच्या मसुद्याचं पान उलटून पाहिलं. तिथं वाढीचा दर ६ टाईप केलेला, त्यावर व्हाइटनर, आणि समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात: '१२ यायला पाहिजे.' बास. आधी उत्तर ठरलं होतं, मग गणित. मी हाफ मार्जिन (म्हणजे लेखापरीक्षकाचा लेखी प्रश्न) दिला: ६ चे ९ कशाच्या आधारे? उत्तर आलं, 'बाजारपेठेतील सकारात्मक वातावरण विचारात घेऊन.' त्या कागदावर पुढं सात अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. सातांपैकी एकानंही ते पान उलटलं नव्हतं, कारण सातही जणांनी फक्त वरचा सारांश वाचला होता.

विमानाच्या गणितात अशा नाजूक जागा चार आहेत. सीटा किती भरतील, तिकिटामागं किती उत्पन्न, इंधनाचा भाव, डॉलरचा भाव. कर्ज डॉलरमध्ये, इंधनाचा दर डॉलरला बांधलेला, आणि कमाईचा मोठा वाटा रुपयात. यातल्या एकाला जरा धक्का बसला की वीस वर्षांचा तक्ता कोलमडतो. म्हणून प्रत्येक जागा दहा टक्क्यांनी वाईट धरून हिशेब पुन्हा करायचा असतो. चारही एकदम वाईट झाल्या तर काय, हेही बघायचं असतं. जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलानं बॅरलमागं १४७ डॉलर गाठले आणि त्याच वर्षी जगभर मंदी आली, तेव्हा हे 'चारही एकदम' प्रत्यक्षात घडलं.

शिवाय एक विरोधाभास. याच काळात आखाती देशांच्या विमान कंपन्यांना भारतात येण्यासाठी जागांचा कोटा भराभर वाढवून दिला जात होता. म्हणजे एकाच मंत्रालयाच्या एका खोलीत 'आमच्या कंपनीचे प्रवासी वाढतील' असं धरून विमानं मागितली जात होती, आणि दुसऱ्या खोलीत तेच प्रवासी दुबईमार्गे नेणाऱ्या कंपन्यांना दार उघडून दिलं जात होतं. दोन्ही निर्णयांच्या बाजूनं बोलता येईल. पण दोन्ही कागद एका टेबलावर शेजारी ठेवून बघायचं काम कुणाचं? कुणाचंच नव्हतं.

आता पैशाचं बघू. कॅगचा सगळ्यात जहाल शेरा किमतीवर नाही, पैसे उभे करण्याच्या पद्धतीवर आहे. जवळजवळ सगळी खरेदी कर्जावर. भागभांडवल म्हणून सरकारनं दिलं ते इंडियन एअरलाइन्सला ३२५ कोटी, तेवढंच. दोन्ही कंपन्या २००७ मध्ये एक झाल्या तेव्हा नव्या कंपनीचं भागभांडवल १४५ कोटी होतं. आणि ३१ मार्च २०१० ला कर्ज ३८,४२३ कोटी, त्यातला मोठा भाग विमानांमुळं आलेला. ही रचना मुळातच अनर्थ ओढवणारी होती, आणि मंत्रालय, पीआयबी, नियोजन आयोग या तिघांच्याही कानात तेव्हाच धोक्याची घंटा वाजायला हवी होती, अशा अर्थाचं कॅगनं लिहिलंय. लेखापरीक्षणाच्या भाषेत याहून कडक बोलत नाहीत.

तू विचारशील, १४५ कोटीवाल्याला एवढं कर्ज दिलं कुणी? कर्ज देणारे काय डोळे झाकून बसले होते का?

हे समजायला आपल्याकडचंच उदाहरण घे. माझ्या चुलतभावानं केजकडं ऊसतोडणीचं यंत्र घेतलं होतं, दुष्काळाच्या आदल्या वर्षांत. दिवसाला इतके टन, हंगाम १५० दिवसांचा, कारखान्याचं पत्र जोडलेलं. बँकेनं सातबारा पाहिला, कोटेशन पाहिलं, विमा पाहिला आणि म्हणाली, दोन जामीनदार आणा, त्यातला एक नोकरदार पाहिजे. नोकरदार म्हणजे मी. जन्मभर दुसऱ्याच्या फायलीवर लाल पेन चालवणारा माणूस, पण भावाच्या कागदावर दोन मिनिटांत सही करून चहा प्यायला गेलो. माझी पगाराची स्लिप हातात पडल्यावर बँकेच्या साहेबांनी उसाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. आणि मी विचारला नाही, कारण बँकेनं तपासलंच असेल. पुढं लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते २०१६ चं साल. माणसाला प्यायला पाणी नाही तिथं ऊस कुठला? यंत्र उभं राहिलं, हप्ते थांबले, आणि नोटीस घरी आली ती माझ्या नावानं. वहिनीनं फोन करून विचारलं, "भाऊजी, तुम्ही तर हिशेबातले ना?" यावर काय बोलायचं?

विमानांच्या कर्जात हा नोकरदार जामीनदार म्हणजे भारत सरकार. सरकारची हमी, त्यावर बोइंगसाठी अमेरिकेच्या एक्झिम (निर्यात-आयात) बँकेची हमी. धनको कंपनीचा ताळेबंद कशाला वाचील? तो सरकारची पत बघतो, आणि ती चोख होती. व्याज कमी लागलं हे खरं, हमीचा तो फायदाच. पण बाहेरचा सावकार जी निर्दय तपासणी करतो ती त्या दिवशी संपली. आत तपासणी सह्यांची, बाहेर तपासणी जामीनदाराची. उसाबद्दल विचारणारा कुणी उरलाच नाही.

किमतीबद्दल थोडं बोलतो. विमानाची जाहीर किंमत कुणीच देत नाही. मोठ्या ऑर्डरला भरघोस सूट मिळते, काही सूट रोखीत, काही पुढच्या सुट्या भागांच्या आणि प्रशिक्षणाच्या जमेत. करार झाल्यापासून विमान हाती येईपर्यंत किंमत मजुरी आणि मालाच्या निर्देशांकाप्रमाणं वाढत जाते. आगाऊ हप्ते वेगळे. हे सगळं गोपनीयतेच्या कलमाखाली. म्हणून घासाघीस सुरू करण्याआधीच 'आपल्या हिशेबानं योग्य भाव इतका' असा एक मापदंड लखोट्यात बंद करून ठेवायचा असतो. तसा मापदंड आधी ठरवला नव्हता, हा कॅगचा आक्षेप मला पैशाच्या आक्षेपाखालोखाल महत्त्वाचा वाटतो. मापदंडच नसेल तर समितीनं दहा टक्के कमी करून आणले की वीस, टाळ्या कशाला वाजवायच्या?

आता उलटी बाजू, कारण तुझ्या वयाच्या मुलांना वाटतं की अजून दोन समित्या असत्या तर बरं झालं असतं. इंडियन एअरलाइन्सच्या ४३ विमानांची फाईल १९९६ च्या सुमाराला हलू लागली आणि करार व्हायला २००६ उजाडलं. दहा वर्षं! तेवढ्यात खासगी कंपन्यांनी देशांतर्गत बाजार खाल्ला. कॅगनं एअर इंडियाच्या घाईला झोडपलं, तसं या दिरंगाईलाही.

ही दिरंगाई आळसातून आली असं मला वाटत नाही, ती भीतीतून आली. आणीबाणीत इंडियन एअरलाइन्ससाठी तीन बोइंग ७३७ घेतली गेली, त्याची चौकशी शहा आयोगानं केली. ऐंशीच्या दशकात बोइंग ७५७ बाजूला सारून एअरबस ए-३२० घेतली. १९९० मध्ये त्यावर सीबीआयचा गुन्हा दाखल झाला, आणि त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला बंगळूरला ए-३२० पडून ९२ माणसं गेली, ताफा महिनोन्‌महिने जमिनीवर उभा राहिला. हे पाहिलेला अधिकारी नव्वदच्या दशकात विमानाच्या फाईलवर सही करायला धजावेल? तो 'आणखी माहिती मागवावी' एवढं लिहून फाईल परत पाठवतो. ते लिहिल्याबद्दल आजवर कुणाची चौकशी झालेली नाही. मग दहा वर्षं तुंबलेलं पाणी एका मंत्र्याच्या काळात धो-धो सुटतं, आणि लोक म्हणतात घाई झाली.

जुनी विमानं म्हटलं की आमच्या भागात औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळाचं नाव निघतंच. २६ एप्रिल १९९३. उड्डाण घेणारं इंडियन एअरलाइन्सचं ७३७ धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, ११८ पैकी ५५ जण गेले. अजूनही इथं लोक सांगतात, विमान म्हातारं होतं म्हणून. चौकशीत ठपका आला तो विमानाचं नाक उशिरा उचलण्यावर आणि रस्त्यावरची वाहतूक न रोखण्यावर, वयावर नाही. पण अशा घटनांनंतर 'नवी विमानं आणा' हा रेटा वाढतो, आणि त्या रेट्यात कुठली आणि किती हे प्रश्न मागं पडतात. उदाहरण म्हणून बोइंगचं ७७७-२००एलआर घे. अमेरिकेला विनाथांबा जाण्यासाठी घेतलेली आठ विमानं. इंधन महागल्यावर परवडेनात, त्यातली पाच पुढं अबूधाबीच्या एतिहादला विकली. ७८७ तर २००८ ला यायचं ते २०१२ च्या सप्टेंबरात आलं, तोवर त्याच्या भरवशावर आखलेले मार्ग कागदावरच.

संसदेचं काय, असं तू विचारलं नाहीस, पण परीक्षक विचारील. कॅगचा अहवाल सप्टेंबर २०११ मध्ये मांडला गेला, करारानंतर पावणेसहा वर्षांनी. बैल गेला आणि झोपा केला. याला कॅगचा दोष म्हणता येत नाही, त्याचं काम मुळात झालेल्या व्यवहारावर बोलण्याचं. सार्वजनिक उपक्रम समिती १९६४ पासून आहे, २२ खासदारांची; पण सरकारच्या मोठ्या धोरणाच्या बाबी आणि कंपनीचा रोजचा कारभार, दोन्ही तिच्या कक्षेबाहेर ठेवलेत. आता विमानखरेदी धोरण की व्यापार? मंत्रालयाला विचारलं तर तो मंडळाचा व्यापारी निर्णय असतो. मंडळाला विचारलं तर ते सरकारचं धोरण असतं. या टोलवाटोलवीत मी कितीतरी चांगले पॅरा (म्हणजे लेखापरीक्षणातले आक्षेप) मरताना पाहिलेत.

आणि सीबीआय? सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१७ मधल्या आदेशानंतर मे महिन्यात गुन्हे दाखल झाले. त्यातल्या विमानं भाड्यानं घेण्याच्या प्रकरणात मार्च २०२४ मध्ये सीबीआयनं तपास बंद करण्याचा अहवाल कोर्टात दिला. यावरून 'म्हणजे कॅग खोटं बोललं' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. तसं नसतं गं. कुणी पैसे खाल्ले का, हा सीबीआयचा प्रश्न. निर्णय शहाणपणाचा होता का, हा कॅगचा. एक रुपया न खाताही माणूस हजारो कोटींचा खड्डा पाडू शकतो. माझ्या भावानं आणि मी कुणाचं काय खाल्लं होतं?

तुझा शेवटचा प्रश्न, आता हे वाचायचं कशाला. २७ जानेवारी २०२२ ला कंपनी टाटांकडं गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली, १११ च्या चौपटीहून जास्त, आणि त्यासाठी पीआयबी लागली नाही, मंत्रिगट लागला नाही, कॅगही येणार नाही. चुकलं तर त्यांचं भांडवल बुडेल. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, विमान सुरक्षित आहे का बघणार, परवडतं का हे नाही. मात्र विक्रीच्या वेळी ६१,५६२ कोटींच्या कर्जापैकी १५,३०० कोटीच खरेदीदारानं घेतले; उरलेले ४६,२६२ कोटी सरकारच्या वेगळ्या कंपनीकडं वर्ग झाले. ते फेडणाऱ्यांत तू आहेस, मी आहे, आणि उभ्या आयुष्यात विमानात न बसलेला आमच्या गावचा सालगडीही आहे, तो आगपेटी घेतो तेव्हा. अलायन्स एअर अजून सरकारचीच आहे, छोट्या गावांना एटीआर विमानं उडवते. आणि विमानं सोड, एसटीच्या बसगाड्या, पाणीयोजनेचे पंप, सहकारी कारखान्याचा विस्तार, शासनहमी जिथं जिथं आहे तिथं फाईल याच वाटेनं जाते.

मुख्य परीक्षेसाठी वाचायचा तो कॅगचा २०११-१२ चा अहवाल क्रमांक १८. नुसता सुरुवातीचा सारांश वाचून उठू नकोस, सगळे तेवढंच वाचतात. खरेदीच्या प्रकरणात शिर, प्रत्येक अंदाजासमोर प्रत्यक्षात काय घडलं ते पेन्सिलीनं लिहीत जा. दोन दिवस लागतील. अडलीस तर त्या पानाचा नंबर कळव, नुसतं 'समजलं नाही' असं लिहू नको.